बाहेरून लावलेली कडी

आमच्या लॉजवर बाईला खोलीत कोंडून झाडायला लावत. ऐकणाऱ्याला वाटतं मी वाढवून सांगते. वाढवून सांगायची मला गरज नाही. परभणीच्या स्टेशन रोडला ते दुमजली लॉज होतं, वरच्या मजल्याला पत्रे, आणि तिथे झाडलोट करणाऱ्या आम्ही बाया. गिऱ्हाईक खोली सोडून गेलं, किंवा दिवसभराच्या कामाला बाहेर पडलं, की मॅनेजर बाईला बादली-फडक्यासकट आत घालायचा, बाहेरून कडी लावून कुलूप ठोकायचा आणि चाबी कमरेला अडकवून खाली गल्ल्यावर जाऊन बसायचा. काम संपलं की आतून दार बडवायचं. त्याच्या मनात येईल तेव्हा तो वर यायचा, कुलूप काढायचा आणि झडती घ्यायचा.

झडती म्हणजे पदर झटकून दाखवायचा, ओचा सोडून दाखवायचा, अंबाडा मोकळा करून दाखवायचा. का, तर कधीकाळी एका व्यापाऱ्याचं घड्याळ खोलीतून गेलं होतं. ते गेलं तेव्हा आमच्यातली एकही तिथे कामाला नव्हती. चोर काही सापडला नाही, म्हणून मालकाने हा नियम केला. मॅनेजर वर तोंड करून म्हणायचा, "कुलूप तुमच्याच भल्यासाठी हाय. उद्या काही गेलं तर तुमच्यावर आळ नको." त्याच्या त्या भल्याला आग लागो. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली फिनेलच्या वासात बसून कुलूप निघायची वाट बघणं काय असतं, ते त्याला एकदा तरी कळायला हवं होतं.

मी पोखर्णीची. त्या मोठ्या दुष्काळात खडी फोडून हात घट्ट झाले होते, नवऱ्याला शहरात जिनिंगवर हमाली मिळाली आणि आम्ही परभणीला आलो. लॉजवर मला आणलं ते मावशीने. ती सख्खी मावशी नव्हे. गंगाखेडकडची विधवा बाई, आमच्याच वस्तीत राहायची आणि सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. एकदा मॅनेजर तिला खोलीत विसरला. कुलूप निघालं तेव्हा ती दाराच्या फटीला तोंड लावून जमिनीवर पडलेली होती. शुद्धीवर आली, पाणी प्याली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "ह्या मेल्याच्या भरवशावर ऱ्हायलं तर एक दिस आपलं मढंच निघंल गं इथून."

तेव्हापासून मावशीने आमची एक खूण ठरवली. प्रत्येकीकडे झाडायचे दोन फडे असत. खोलीतला फडा आत न्यायचा, आणि व्हरांडा झाडायचा फडा दाराबाहेर भिंतीला उभा करून ठेवायचा. उभा फडा दिसला की आत बाई आहे असं समजायचं. तिथून जाणाऱ्या दुसरीने दार ठोकायचं, आतलीने आवाज द्यायचा. आवाज आला नाही तर बोंब मारायची. मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फडा म्हणजे फडा. आम्हालाही तसाच. मावशी आणि मी दोघी बौद्ध, आमच्या घरातून देव उठले तेव्हाच फड्यातली लक्ष्मीही उठली होती. फडा उभा ठेवल्याने कुणाला काही वाटेल, हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग जिंतूरची आली. शेतकऱ्याघरची, नवऱ्याने टाकलेली, माझ्याच वयाची. तिला कुणी नावाने हाक मारत नसे, जिंतूरचीच म्हणत. कामाला वाघ होती, पण बोलायची थोडं. मावशीने तिला खूण समजावून सांगितली. तिने मान डोलावली. पण लहानपणापासून तिच्या हाताला लागलेलं वळण वेगळं होतं. तिच्या घरी उभा फडा दिसला की भांडण येतं, दळिंदर येतं म्हणायचे. फडा नेहमी आडवा, दाराआड, कुणाचा पाय लागणार नाही असा. डोक्याने तिने मावशीचं ऐकलं होतं, हाताने अजून ऐकलं नव्हतं.

तो दिवस कापसाच्या हंगामातला. लॉज भरलेलं. कोपऱ्यातल्या खोलीत बाहेरगावचा एक कापसाचा दलाल उतरला होता. तो सकाळीच बाजारात गेला म्हणून मॅनेजरने मला त्या खोलीत घातलं, कुलूप लावलं. फडा मी बाहेर उभा केलेला होता. थोड्या वेळाने जिंतूरची बादली घेऊन तिकडून गेली. उभा फडा दिसला, हात गेला, फडा आडवा करून तिने कठड्याच्या आडोशाला सारला. तेवढ्यात खालून मॅनेजरने हाक मारली आणि ती जिना उतरली. हे सगळं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

मी चादर काढत होते. कुलूप वाजलं. मला वाटलं, आज कसा काय लवकर आला. दारात तो दलाल उभा होता, मागे मॅनेजर. दलाल म्हणाला, काहीतरी विसरलंय. मी बादली उचलून बाहेर निघाले, तर त्याने हाताने अडवलं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. मग कडी वाजली. मग कुलूप. सवयीने लावलं, असं तो पुढे सगळ्यांना सांगत फिरला. समजून-उमजून लावलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

मी दार बडवलं. दोन्ही हातांनी बडवलं. बडवताना मला धीर होता, की बाहेर फडा उभा आहे, कुणीतरी येईल. मावशी त्याच वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने दार बडवल्याचं ऐकलंही. पण काम संपलं की आम्ही दार बडवतच असू, आणि फडा उभा दिसला असता तर तिने येऊन दार ठोकलं असतं, तो तर दिसत नव्हता. ती आपल्या कामाला लागली.

दलालाने मागून माझा अंबाडा धरला आणि डोकं दारावर आपटलं. मी ओरडले तर उशीचा अभ्रा तोंडात कोंबला. मी त्याच्या हाताला चावले, असं चावले की रक्ताची खारट चव जिभेवर आली. त्याने टेबलावरचा पितळी तांब्या उचलला आणि माझ्या जबड्यावर घातला. दात तुटल्याचा आवाज कानाने नाही, डोक्याच्या आतून ऐकू येतो. मी खाली पडले, तो अंगावर आला. माझं लुगडं फाटलं. हाताला बादली लागली. फिनेल मी नुकतंच ओतलं होतं, अजून पाणी घातलं नव्हतं. ते सगळंच्या सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं.

तो असा किंचाळला की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली म्हणे. डोळे धरून गुरासारखा खोलीभर आदळत सुटला. मी उठले आणि तोच तांब्या त्याच्या पाठीत घातला, परत घातला, हात दुखेपर्यंत घातला. मला त्याची लाज नाही. तेवढ्यात जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली आणि कुलूप निघालं. माझ्या ओरडण्याने न निघालेलं कुलूप त्याच्या ओरडण्याने निघालं.

मॅनेजर आणि त्याच्यामागे पहारेकरी आत आले. पहारेकऱ्याने मला भिंतीवर ढकलून लाथ घातली. मॅनेजर ओरडला, "बदमाश बाई, गिऱ्हाइकाचा खिसा मारायलीस!" आणि मग, माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, लुगड्याच्या चिंध्या मी हाताने धरल्या होत्या, तशात त्याने माझी झडती घेतली. नियम होता ना. मार मी कधीच विसरले असते. ती झडती मला अजून चटका देते.

मावशीने मला मागच्या अंगणात नेलं, हौदावर बसवलं, तोंड धुतलं. जिंतूरची समोर येऊन उभी राहिली. पांढरीफटक पडली होती.

"तुजा फडा म्या आडवा केला," ती म्हणाली. "उभा व्हता. हात गेला गं."

मी उठले आणि तिच्या कानाखाली आवाज काढला. तिने हात वर केला नाही. मी दुसरी मारली. तिसरी मारायला गेले तर मावशीने माझं मनगट धरलं. "तिला मारून काय हुणार हाय? फडा तिनं आडवा केला, कुलूप कुणी लावलं?"

संध्याकाळी नवरा घरी आला, माझं तोंड पाहिलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून निघाला. दलाल केव्हाच डोळ्यांना फडकं बांधून गाडीत बसून पसार झाला होता. त्याला कधी काही शिक्षा झाली नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेने वाट बघायला नको. शेजाऱ्यांनी नवऱ्याला धरून आणलं. तो उंबऱ्यावर बसून रडला आणि म्हणाला, "आता बास. कामाला जायचं न्हाई." मी म्हणाले, काम सोडायचं का धरायचं ते मागून बघू, आधी ते कुलूप निघायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. तोंड सुजून टरबूज झालं होतं, एक डोळा उघडत नव्हता. मावशीने तोवर काम मांडून ठेवलं होतं. लॉजमधल्या सगळ्या मळक्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिने मागच्या हौदात बुडवले होते आणि काठावर ती आणि जिंतूरची बसल्या होत्या. मीही बसले. हंगामाचे दिवस, खोल्या भरलेल्या, आणि अंथरायला वर एक चादर नव्हती.

मालक स्वतः आला. तोंडात पान, गळ्यात सोन्याची साखळी. मावशी उठली नाही. बसूनच बोलली, "कुलूप काढा. एका खोलीत दोघी जातील. अन् बाप्या माणसानं झडती घ्यायची न्हाई. एवढं करा, चादरी दुपारच्याला वाळून मिळतील."

"काम करायचं तर करा, न्हाई तर रस्ता मोकळा हाय," मालक म्हणाला.

"रस्ता मोकळा हाय ते आमाला ठाव हाय, मालक. खोलीचंच बोलायलो आमी."

मालक पिंक टाकून गेला. मग पहारेकरी आला, सोबत बाजारातले दोन आडदांड गडी, हातात काठ्या. बोलणं झालंच नाही. पहिली काठी मावशीवर बसली. तिने डोकं वाचवायला हात आडवा घातला आणि मनगट कडकन मोडलं. दुसऱ्याने मला केसाला धरून हौदात ढकललं. त्या साबणाच्या, फिनेलच्या, मळाच्या पाण्यात चादरी माझ्या हातापायांत गुंडाळल्या गेल्या, वरून तो डोकं दाबत होता. नाकातोंडात पाणी गेलं. मी मरणार असं मला वाटलं, आणि भीतीपेक्षा संतापच जास्त आला, की ह्यांच्या घाणेरड्या चादरींत मरायचं.

डोक्यावरचा हात एकाएकी सुटला. मी वर आले तर जिंतूरचीच्या हातात धोपटणं होतं, धुणं बडवायचं, बाभळीचं, कोपराएवढं. तिने ते त्या गड्याच्या खांद्यावर घातलं होतं. पहारेकरी तिच्याकडे वळला आणि तिने त्याच्या कपाळावर घातलं. त्याच्या कपाळातून चिळकांडी उडाली आणि तो मटकन खाली बसला. दोन्ही गडी मागे सरले. बाई धुणं किती जोरात बडवते, हे त्यांनी कधी लक्ष देऊन पाहिलं नसावं.

जिंतूरची तिथे थांबली नाही. धोपटणं तसंच घेऊन जिना चढली. मी ओल्या लुगड्याने तिच्या मागे. कोपऱ्यातल्या खोलीपाशी जाऊन तिने कडीच्या कोयंड्यावर घाव घातला. घातला, परत घातला, कोयंडा चौकटीतून उपटून खाली पडला. मग शेजारची खोली. मग त्याच्या पुढची. दार फुटेल की हात, याची तिला पर्वा नव्हती. गिऱ्हाइकं बनियनवर बाहेर आली. ती थोडं बोलणारी बाई दर घावाला ओरडत होती, "हितं बाईला गिऱ्हाइकासंगं कोंडलं! हितं! बाहीरनं कुलूप लावून कोंडलं! तुमच्या बायकांना सांगा, कुठं ऱ्हायलाव ते!" तिच्या तळहाताची सालं निघाली होती, धोपटण्याची मूठ लाल झाली होती.

एक म्हातारासा शेतकरी, जिंतूरकडचा असावा, आपली पिशवी घेऊन मुकाट्याने जिना उतरला. त्याच्या मागून दुसरा. मग तिसरा. मॅनेजर हात जोडून अडवत होता. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं ते तेव्हा. मोडलेल्या मनगटाने पळालं नाही, माझ्या दातांनी पळालं नाही. पण बाजारात, कचेरीत, मंदिराच्या पायरीवर लोक काय म्हणतील, याने पळालं.

पोलीस आले, आम्हा तिघींना चौकीत नेऊन बसवलं. मावशीचा हात तोवर कोपरापर्यंत सुजला होता, आणि ती हुं की चूं करत नव्हती. दिवस कलायच्या आत मालकानेच माणूस पाठवून आम्हाला सोडवलं. कागद झाला असता तर दलालाचं नाव आलं असतं, दलालाचं आलं असतं तर कुलपाचं आलं असतं. निरोप एवढाच, की उद्यापासून कामावर या, कुलूप राहणार नाही, दोघी-दोघी जा, झडती बंद. मावशी चौकीच्या पायरीवर बसली आणि तेव्हा कुठे हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरलं, डोक्यावर पदर घेतला आणि दार ओढलं. दार आलं नाही. परत ओढलं. बाहेर कडी वाजली.

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. नवरा जिनिंगवर गेला होता, जाताना बाहेरून कडी लावून. मी हाका मारल्या. शेजारीण दाराशी आली, पण कडीला हात लावेना. "तोच सांगून गेलाय गं. दोन दिस उघडू नका म्हणला. तुज्या भल्यासाठीच हाय. लय मार खाल्लास, आता बस गप."

पुन्हा भलं. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला. दार साध्या फळ्यांचं होतं. पहिल्या घावाला फळी चिरली, दुसऱ्याला फुटली. शेजारीण किंचाळत लांब पळाली. मी भोकातून हात घातला, फळीच्या कुसळांनी कोपरापर्यंत सालपटं निघाली, कडी हाताला लागली. ती काढली आणि रक्ताचा हात पदराला पुसत लॉजवर गेले.

ऊन चांगलंच वर आलं होतं. मावशी हाडवैद्याकडे गेली होती. जिंतूरची एकटीच वर कोपऱ्यातल्या खोलीच्या उघड्या दारात उभी होती, हाताला चिंध्या बांधलेल्या. मॅनेजर तिच्यावर खेकसत होता, खोली झाडायची पडलीय, आत जा म्हणत होता. ती जागची हलत नव्हती. "दुसरी आल्याबिगर आत जायचं न्हाई, तसं ठरलंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. त्या खोलीच्या उंबऱ्याशी मी थांबले. ती आधी आत गेली. मग मी गेले.

संध्याकाळी घरी आले तर नवरा फुटलेल्या दारासमोर उकिडवा बसला होता. मला बघून उठला. त्याचा हात वर गेला, खोटं कशाला सांगू. वरवंटा अजून दाराशीच पडला होता, तो मी उचलला.

"मालकाचं कुलूप मी दात देऊन काढवलं," मी म्हणाले. बोलताना सुजलेल्या तोंडातून थुंकी उडत होती. "तुमच्या कडीला काय द्यायचं, ते सांगा."

त्याचा हात तसाच राहिला. मग खाली आला. त्याने आतून विळा आणला, त्याच्या टोकाने कडीचे खिळे एकेक करून उपटले आणि कडी समोरच्या नालीत टाकली. मी चूल पेटवली. जेवायला बसलो तेव्हा मला भाकरी चावता येत नव्हती, म्हणून त्याने ती वरणात कुस्करून माझ्यापुढे सरकवली.